जुनी मोटरसायकल आणि आजची बाइक: एकाच रस्त्यावर, एकाच ग्रुपमध्ये जमेल का?

मधलागिअर
काकांची कास्ट आयर्न (ओतीव लोखंडाच्या) इंजिनची बुलेट ३५० आता माझ्या ताब्यात आली आहे. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, किक, पुढेमागे ड्रम ब्रेक, सगळं मूळचं. काकांनी ती नुसती पुसून ठेवली नव्हती, चालती ठेवली होती, त्यामुळे इंजिन ठणठणीत आहे. माझी रोजची गाडी ४०० सीसीची सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, सहा गिअर, ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं अडकू न देणारी यंत्रणा).

आता आमचा सात-आठ जणांचा ग्रुप लांबच्या राइडला निघतोय. चार पदरी हायवे, घाट आणि शेवटी थोडा कच्चा रस्ता असं सगळंच आहे. बाकीच्यांच्या गाड्या झाडून नव्या. मला बुलेट न्यायची फार इच्छा आहे आणि ग्रुपमधले दोघं म्हणतायत की तू स्वतः पण अडकशील आणि आम्हाला पण अडकवशील. टॉप स्पीडचं मला काही पडलेलं नाही. मला विचारायचंय ते हे, की ब्रेक, रस्ता धरणं, रात्रीचा उजेड, दिवसभर बसून येणारा शीण, या बाबतीत जुन्या आणि नव्या गाडीत प्रत्यक्ष रस्त्यावर किती अंतर आहे? दोन्ही चालवलेल्यांनी लिहा, ऐकीव नको.

कास्टआयर्न
घेऊन जा. डोळे झाकून घेऊन जा (चालवताना उघडे ठेवा :) ).

माझ्याकडे पण तेच इंजिन आहे आणि घरात एक नवी गाडी पण आहे, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीये. जुन्या बुलेटचं बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, वर भलं मोठं फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारी जड चकती). त्यामुळे ती चौथ्यात ४० ला पण कुरकुरत नाही, थ्रॉटल दिला की शांतपणे ओढायला लागते. नव्या गाडीवर घाटात पाय सारखा गिअरवर नाचतो, हिला तिसरा टाकला की वळणामागून वळणं निघून जातात. ६० ते ७० मध्ये ठेवलीत तर दिवसभर चालेल आणि त्या वेगात जे सुख आहे ते नव्या गाडीवर १०० ला पण मिळत नाही, कारण नवी गाडी ६० ला नुसती कंटाळलेली असते.

फक्त किक शिकून घ्या. चावी लावा, किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरकडे बघा, काटा उणेकडे झुकतो आणि पुन्हा मध्यावर येतो, तिथे थांबा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढून किक अजून थोडी खाली न्या, डिकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग एक सलग लांब लाथ. हे जमलं की पहिल्या किकमध्ये चालू. घाईघाईने अर्धवट मारलीत तर ती उलटी मारते आणि पोटरी लक्षात ठेवते.

रेडलाइन
कास्टआयर्न यांचं इंजिनबद्दलचं सगळं मान्य, पण धागाकर्त्याने पहिला शब्द "ब्रेक" लिहिलाय आणि त्याबद्दल एक अक्षर नाही.

साधं गणित करू. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समजा नवी डिस्क-एबीएसवाली गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला ७ मीटरने वेग कमी करते आणि ड्रमवाली जुनी साडेचारने. (हे आकडे गणितापुरते धरलेत, गाडीगणिक आणि चालवणाऱ्यागणिक बदलतील.) पहिली साधारण ३५ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ५५ लागतात. मधले २० मीटर म्हणजे पुढच्या माणसाची गाडी आणि वर एक ट्रक. आणि वेग दुप्पट केला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे ड्रमला पण लागू आणि डिस्कला पण.

ग्रुपमध्ये हाच खरा धोका आहे. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, त्याची गाडी थांबली, मागची जुनी गाडी थांबलेली नाही. म्हणून माझं मत, लांबच्या ग्रुप राइडला नवीच न्या. जुनी गाडी एकट्याने, रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्याला.

बघतोबघतो
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, दोन्ही बाजू पटतायत.

पानेवाला
गॅरेज सांभाळतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडलाइन यांचं गणित बरोबर आहे पण ड्रमचा राग ड्रमवर काढण्याआधी तो ड्रम कोणत्या अवस्थेत आहे ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेकांचे ब्रेक ड्रम आहेत म्हणून वाईट नसतात, दुर्लक्ष झालंय म्हणून वाईट असतात. लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेक शूवरचा थर) वरून काचेसारखे गुळगुळीत झालेले, ड्रमला आतून कडा आलेली, शू फाकवणाऱ्या कॅमला वंगण नाही, केबल आत गंजून अर्धा जोर स्वतःच खातेय. हे सगळं नीट केलं, लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवले की तोच ब्रेक वेगळ्या गाडीचा वाटतो.

ड्रममध्ये एक गंमत असते. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला जो शू आत ओढला जातो तो आपोआप अजून घट्ट बसतो, त्याला लीडिंग शू म्हणतात. दोन्ही शू लीडिंग असलेले ड्रम पुढच्या चाकाला मिळाले तर बराच फरक पडतो, फक्त त्यात दोन्ही कॅमची दांडी एकाच वेळी हलली पाहिजे, ते अॅडजस्टमेंट बहुतेकजण करतच नाहीत. पण ड्रमची खरी अडचण पहिल्या ब्रेकला नाही, दहाव्या ब्रेकला आहे. घाट उतरताना सतत दाबला की आत उष्णता कोंडते, ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड जाते आणि लिव्हर हँडलला टेकायला लागते. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, ती लगेच निवते. पाण्यातून गेल्यावर पण तसंच, डिस्क दोन फेऱ्यात कोरडी, ड्रमच्या आत पाणी गेलं तर हलका ब्रेक धरून थोडं अंतर जावं लागतं.

आणि ब्रेकपेक्षा आधी टायर बघा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. काकांनी गाडी कमी चालवली असेल तर नक्षी भरपूर दिसेल पण रबर दगड झालेलं असेल. जुन्या गाडीवर पैसे कुठे घालायचे असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी टायर, मग ब्रेक, मग केबली, क्रोम सगळ्यात शेवटी.

घाटवेडी
पानेवाले दादा, टायरबद्दल लाख बोललात.

मी जुनी यामाहा आरएक्स १०० आणि एक नवी २५० अशा दोन्ही चालवते. आरएक्सचं इंजिन ९८ सीसी, ताकद ११ बीएचपी, पण वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास, त्यामुळे चढावर ती अजूनही भल्याभल्यांना हसवते. उतारावर मात्र हसू जातं. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळपास नसतंच, थ्रॉटल सोडला तरी गाडी आपली निघालीच. २५० वर दुसरा गिअर टाकला की इंजिनच अर्ध काम करतं. मधलागिअर, तुमची बुलेट फोर-स्ट्रोक आहे, जड फ्लायव्हील आहे, तर उतारावर ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा, ब्रेक तापणारच नाहीत.

पण कोणीच लिहिलं नाही ते लिहिते. तुमची रोजची गाडी डाव्या पायाला गिअर, ही उजव्या पायाला. शांतपणे चालवताना मेंदू पाच मिनिटांत जुळवून घेतो, काही त्रास नाही. अचानक समोर म्हैस आली की मात्र मेंदू मागच्या सवयीकडे पळतो आणि उजवा पाय ब्रेक म्हणून गिअर दाबतो. माझ्या मते तुमच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा धोका आहे, ड्रम नाही.

उपाय एकच, पुढच्या ब्रेकची सवय. तो दोन्ही गाड्यांवर उजव्या हातातच आहे. थांबवण्याची जास्त ताकद पण त्यातच असते कारण ब्रेक लावल्यावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मोकळ्या मैदानात आधी पुढचा, मग मागचा, असं इतकं घोटा की पायाचा विचारच करावा लागणार नाही. आणि निघायच्या आधीचे काही आठवडे नवी गाडी उभी करून ठेवा, रोज बुलेटच चालवा.

कास्टआयर्न
घाटवेडी ताई, हे अगदी खरं. माझ्या गाडीवर इतरांना बसू न देण्याचं मुख्य कारण हेच आहे. (दुसरं कारण म्हणजे परत देत नाहीत.)

रेडलाइन, तुमच्या गणिताला मी नाही म्हणत नाही. पण गणितात तुम्ही दोन्ही गाड्या ८० ला धरल्यात. जुन्या गाडीचा माणूस ८० ला नसतोच, तो ६५ ला असतो आणि त्याची नजर पुढच्या वळणावर असते कारण त्याला माहिती असतं की आपल्याला जागा जास्त लागते. एबीएस असलेला माणूस कितीतरी वेळा एबीएसच्या भरवशावर चिकटून चालवतो.

रेडलाइन
हे मी नेहमी ऐकतो आणि दर वेळी उत्तर देतो. एबीएस हे न येणाऱ्यांसाठी नाही, येणाऱ्याच्या हातून पण जे क्षण निसटतात त्यांच्यासाठी आहे. ओल्या रस्त्यावर पांढरा पट्टा, डिझेलचा डाग, वळणावरची वाळू, या गोष्टी नजर कितीही पुढे ठेवली तरी दिसतातच असं नाही. चाक अडकलं की गाडी वळत नाही, फक्त घसरते. एबीएस ते चाक सेकंदाला कित्येक वेळा सोडून-धरून फिरतं ठेवतं, माणसाच्या बोटाला ते शक्य नाही, कितीही वर्षं चालवलेली असो. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० वर इलेक्ट्रॉनिक एबीएस दिला तेव्हापासून हे तंत्र फक्त सुधारतच आलंय, आता तर गाडी वळणात किती झुकली आहे ते मोजून ब्रेकचा जोर ठरवणारे एबीएस आलेत.

पावसात मला एकदा भर वेगात ब्रेक दाबावा लागला होता, लिव्हरखाली ती थरथर जाणवली आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. त्या दिवशी ड्रमवाली गाडी असती तर मी इथे लिहायला असतो की नाही माहिती नाही. म्हणून मी या विषयावर हट्टी आहे, आणि राहणार.

पानेवाला
रेडलाइन बरोबर बोलतायत. एकच जोड देतो, सुट्या खडीवर किंवा जाड मातीवर एबीएसने अंतर वाढू शकतं, कारण तिथे अडकलेलं चाक समोर मातीचा ढीग करून थांबतं आणि एबीएस ते होऊ देत नाही. म्हणून कच्च्या रस्त्याच्या गाड्यांना मागच्या चाकाचा एबीएस बंद करायचं बटण असतं. डांबरी रस्त्यावर मात्र वाद नाही.

दोनस्ट्रोक
"जुन्या गाड्या हळू होत्या" असा एक सूर इथे लागतोय, तो मोडायला आलोय.

व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो, १९४८, ९९८ सीसी व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), ताशी १२५ मैल म्हणजे २०० किलोमीटर! थांबवायला काय, तर ड्रम. त्या लोकांनी एकाच चाकाला दोन ड्रम लावले होते, एकेका बाजूला एक. ट्रायम्फ बोनविल १९५९ ची, ६४९ सीसी, ४६ बीएचपी, ती पण ड्रमवर. म्हणजे पळायची अक्कल माणसाला फार आधी आली, थांबायची उशिरा आली. १९६९ ला होंडाने सीबी ७५० काढली, चार सिलिंडर एका रांगेत, इलेक्ट्रिक स्टार्ट आणि पुढच्या चाकाला डिस्क, आणि तिथून पुढे सगळ्यांनाच डिस्ककडे यावं लागलं. मला विचाराल तर जुनी आणि नवी मोटरसायकल यांच्यातली रेघ तिथे आहे.

आपल्याकडची राजदूत ३५० घ्या. मूळच्या यामाहा आरडी ३५० ला पुढे डिस्क होती, इथे बनली ती ड्रम घेऊन. पहिल्या हाय टॉर्क मॉडेलला ३०.५ बीएचपी, टू-स्ट्रोक ट्विन, इंजिन ब्रेकिंग नावाला. जो कोणी ती वर्षानुवर्षं चालवून सुखरूप आहे त्याला माझा साष्टांग नमस्कार, तो कुठल्याही नव्या गाडीवर उत्तम चालवेल.

निवांत
आणि येझदीला कोणी विसरू नका. किक मारायची आणि तोच दांडा फिरवून गिअर टाकायचा, त्या गिअरच्या दांड्याने क्लच पण सुटायचा, चेन पूर्ण झाकलेली. साखळीवर चिखल नाही, तेल उडणं नाही. आजच्या गाड्यांना ओ-रिंग चेन आहे, चांगली आहे, पण पावसाळ्यात दर राइडनंतर साफ करत बसावी लागते. काही बाबतीत आपण मागे गेलोय असं माझं ठाम मत आहे.

मधलागिअर
खूपच कामाचं मिळतंय. घाटवेडी, पायांच्या गोंधळाचा मी विचारच केला नव्हता, कारण आत्तापर्यंत गल्लीतच फिरवली. टायरचा शिक्का बघितला, मागचा ठीक आहे, पुढचा खूप जुना निघाला, बदलतोय. शिणाबद्दल आणि रात्रीबद्दल कोणी बोलेल का?

उत्तररात्र
रात्रीबद्दल मी सांगतो. रात्री नेऊ नका. बास.

बरं, कारण पण देतो. जुन्या बुलेटला ३५ वॅटचा बल्ब आणि इंजिन हळू फिरलं की अँपिअर मीटरचा काटा उणेकडे. म्हणजे नेमकं घाटात, वळणावर, तुम्ही वेग कमी केला की उजेड पण कमी. नव्या एलईडीला इंजिन कितीवर फिरतंय याच्याशी देणंघेणं नाही. समोरून नव्या गाडीचा पांढरा झोत डोळ्यावर आला की तुमच्या पिवळ्या उजेडात पुढची काही क्षणं शब्दशः काहीच दिसत नाही. चांगला रिफ्लेक्टर, कोरे वायरिंग आणि रिले टाकून मी माझ्या गाडीचा उजेड बराच सुधारला, कारण जुन्या वायरी आणि स्विचमध्येच बराचसा व्होल्टेज वाया जात असतो. तरी नव्याची सर नाही. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा असं आखा. मागचा लाल दिवा मात्र नक्की तेज करा, तुम्हाला दिसणं जितकं महत्त्वाचं तितकंच तुम्ही दिसणं.

घाटवेडी
उत्तररात्र, हे नाव घेऊन रात्री नेऊ नका म्हणताय म्हणजे प्रकरण गंभीर आहे :)

पानेवाला
शिणाबद्दल. सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होताना जो धक्का बसतो तो क्रँकच्या काउंटरवेटने अर्धामुर्धाच भरून निघतो, उरलेला हँडल, फूटरेस्ट आणि सीटमधून तुमच्याकडे येतो. नव्या गाड्यांत बॅलन्सर शाफ्ट असतो, क्रँकच्या उलट दिशेने त्याच वेगाने फिरतो आणि तो धक्का मारून टाकतो. हे समजायला आजची क्लासिक ३५० आणि जुनी बुलेट शेजारी उभ्या करा. जुनी ३४६ सीसी, १८ बीएचपी. नवी ३४९ सीसी, २०.२ बीएचपी. स्ट्रोक पण ९० वरून ८५.८ वर, म्हणजे स्वभाव तसाच लांब ठोक्याचा ठेवलाय. कागदावर एवढ्या वर्षांत दोन घोडे वाढले. पण ८० च्या वेगाला नवीच्या आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसतो, जुनीच्या आरशात तो ट्रक आहे की देवळाचा कळस ते कळत नाही. सगळी सुधारणा त्या न दिसणाऱ्या शाफ्टमध्ये, बेअरिंगमध्ये, डिस्कमध्ये गेली आहे.

नॉर्टनवाल्यांनी १९६७ ला कमांडोमध्ये हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला होता, इंजिन-गिअरबॉक्स-मागचं चाक हा सगळा जुडगाच रबरावर टांगला, थरथर इंजिनला होऊ दे, माणसाला नको. मस्त कल्पना, फक्त त्या रबराच्या फटी वेळच्या वेळी मोजाव्या लागायच्या नाहीतर गाडी वळणात डुलायची.

तर मधलागिअर, ७० च्या खाली हाताला मुंग्या येणार नाहीत, वर गेलात की येतील. आणि नटबोल्ट. रोज सकाळी निघायच्या आधी सायलेन्सर, मडगार्ड, इंजिन माउंटिंग, नंबर प्लेट सगळ्यावरून पाना फिरवा. थरथरीने सैल होणं हा बिघाड नाही, तो या गाडीचा रोजचा कार्यक्रम आहे.

रेडलाइन
तांत्रिक भर घालतो कारण पानेवाला यांनी मस्त विषय काढला.

३७३ सीसीची ड्यूक ३९० घ्या, स्ट्रोक ६० मिमी, ९००० आरपीएमला सुमारे ४३ पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप). जुनी बुलेट, स्ट्रोक ९० मिमी, ५६२५ आरपीएमला १८ बीएचपी. आता पिस्टनचा सरासरी वेग काढा, स्ट्रोकची दुप्पट गुणिले फेरे. बुलेट सेकंदाला साधारण १७ मीटर, ड्यूक १८. जवळजवळ सारखाच! म्हणजे पिस्टनला दोन्हीकडे धाव सारखीच, पण आखूड स्ट्रोकमुळे नवी गाडी तेवढ्याच वेळात दीडपटीहून जास्त ठोके मारते, वर चार व्हॉल्व्ह, जास्त कॉम्प्रेशन, इंजेक्शनने मोजून दिलेलं पेट्रोल. म्हणून बुलेट ५६०० ला फिरवणं हे ड्यूक ९००० ला फिरवण्याइतकंच इंजिनला ताणणं आहे, आणि ते सुद्धा ओतीव लोखंडाच्या सिलिंडरमध्ये.

कास्टआयर्न
वा! हे वाचून आनंद झाला. आणि यातूनच पुढची गोष्ट येते. लोखंड उष्णता सावकाश सोडतं आणि आत पिस्टन अॅल्युमिनियमचा, तो लोखंडापेक्षा जास्त फुगतो. सतत ९० ला दामटलीत तर पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो आणि इंजिन जाम. जाम व्हायच्या आधी गाडी सांगते, थ्रॉटल तेवढाच असून ओढ कमी होते, आवाज घट्ट होतो. लगेच क्लच दाबा, बाजूला घ्या, निवू द्या. तास-सव्वातासाने गाडीला थांबा हवाच, तुम्हालाही हवा असतो.

निवांत
आता बंद पडण्याबद्दल. ग्रुपवाल्यांची "अडकवशील" ही भीती मला पटत नाही.

माझी जुनी गाडी रस्त्यात बंद पडली आहे, इग्निशनचे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासून, गॅप पत्र्याच्या गेजने लावून, प्लग पुसून मी तिथेच चालू केली आहे. माझी नवी गाडी (कंपनीचं नाव घेत नाही) एका सेन्सरपायी माळरानावर उभी राहिली, पेट्रोल आहे, बॅटरी आहे, डॅशबोर्डवर पिवळा दिवा आहे आणि मी आहे. हत्यारं होती, हात होते, करायला काहीच नव्हतं. शेवटी टेम्पोत घालून नेली. बॅटरी पूर्ण बसली तर इंजेक्शनवाली गाडी ढकलून पण चालू होत नाही, कारण पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो.

घाटवेडी
निवांत, पण ही तुलना पूर्ण करा ना. जुनी किती वेळा बंद पडते आणि नवी किती वेळा? माझी नवी गाडी घेतल्यापासून एकदाही रस्त्यात थांबलेली नाही, आरएक्सच्या पिशवीत मात्र प्लग, प्लग पाना आणि क्लच केबल कायम असते. जुनी गाडी दुरुस्त होते हा गुण आहेच, पण वारंवार दुरुस्त करावी लागते हे पण लिहा. मला दोन्हींवर प्रेम आहे म्हणून एकीची बाजू उगीच उजळ केलेली चालत नाही.

आजोबांचीफटफटी
मागच्या सीटवर बसणाऱ्यांना कोणी विचारलं का? जुन्या बुलेटची सीट रुंद, सपाट, पाय खाली ठेवायला जागा. नव्या स्पोर्ट गाड्यांवर मागचा माणूस पोस्टाच्या तिकिटावर बसतो आणि सगळा वेळ चालवणाऱ्याच्या हेल्मेटला हेल्मेट आपटतो. आमच्या घरात या मुद्द्यावर एकमत आहे आणि आमच्या घरात एकमत ही मोठी गोष्ट आहे.

दोनस्ट्रोक
+१००. जुन्या गाडीवर गप्पा मारत जाता येतं.

उत्तररात्र
रस्ता धरण्याबद्दल राहिलं. बुलेटचं १९ इंची मोठं चाक आणि अरुंद टायर. सरळ रस्त्यावर ती रूळावर असल्यासारखी जाते, खड्ड्यात मोठं चाक कमी आदळतं. वळवायला मात्र आधीपासून सांगावं लागतं. नवी १७ इंची गाडी नजर वळली की वळते. वळणात मध्येच खडबडीत पट्टा आला तर जुनीचा पुढचा फोर्क आणि मागचे शॉकअप दोघं आपापल्या लयीत हलतात, तेव्हा थ्रॉटल बंद करू नका, हलका चालू ठेवा, ती स्वतः सावरते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही, हे नव्या गाडीवर चांगलं आणि जुन्या गाडीवर सक्तीचं.

रेडलाइन
खूप विचार केला आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात एक भर घालतो. न्यायचीच असेल तर जुनी गाडी ग्रुपच्या पुढे ठेवा. सगळे तिला मागे ठेवतात, तिथेच घोळ होतो. मागे राहिलेला माणूस गाठायला म्हणून ताणतो, आणि पुढच्याने ब्रेक मारला की त्याच्याकडे जागा नाही. पुढे ठेवली तर वेग ती ठरवेल, आणि तिच्या मागच्या सगळ्यांकडे तिच्यापेक्षा चांगले ब्रेक आहेत. हायवेला दोन गट करा, घाटात जुनी सगळ्यात पुढे.

पानेवाला
हा सल्ला सोन्यासारखा आहे. फक्त तिच्या लगेच मागे अनुभवी माणूस ठेवा, कारण बुलेटचा ब्रेक लाइट आणि इंडिकेटर उन्हात दिसत नाहीत. हाताने खुणा करायची पद्धत आधी सगळ्यांनी ठरवून घ्या.

बघतोबघतो
पुढे असल्याचा अजून एक फायदा, मागच्यांना धडधड ऐकू येईल आणि कोणाला झोप लागणार नाही.

मधलागिअर
ठरलं, बुलेट नेतोय. ग्रुपला हा सगळा धागा वाचायला दिला, ते विरोधातले दोघं पण तयार झाले, मुख्यतः रेडलाइन यांच्या पुढे ठेवायच्या सल्ल्यामुळे. घाटात मी पुढे, हायवेला दोन गट, अंधार पडायच्या आत मुक्काम. पुढचा टायर आला, लायनर नवीन बसवून घेतले आणि खरंच वेगळी गाडी वाटतेय. मैदानात पुढच्या ब्रेकचा सराव चालू आहे, चुन्याची रेघ मारून कुठे थांबतो ते बघतोय. त्याच रेघेवर माझी ४०० पण थांबवून बघितली, फरक डोळ्यांनी बघितल्यावर वेगाबद्दल कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

दोन शंका. पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या रबरी नळ्यांना काही होतं का? आणि सोबत काय काय घेऊ?

पानेवाला
होतं. जुनं रबर फुगतं किंवा तडकतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते टाकीच्या आणि फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरच्या वाडग्याच्या) तळाशी जमतं. नळ्या नवीन टाका, इथेनॉलला टिकणाऱ्या मागून घ्या, आणि निघायच्या आधी कार्ब्युरेटरचा वाडगा उघडून साफ करा. फिल्टर पण एक छोटा लावा.

सोबत प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फिलर गेज, चेन लिंक, ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, थोडी वायर आणि इन्सुलेशन टेप. क्लच केबल घ्याल तेव्हा पिशवीत ठेवू नका, जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून टेपने बांधून टाका, टोकांना वंगण लावून वर प्लास्टिक गुंडाळा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी काढायला लागत नाही.

कास्टआयर्न
थ्रॉटल केबलचं पण तसंच करा, आणि दोन्ही निघायच्या आधी एकदा हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून बघा, कुठे ताणली जात नाही ना.